देवळामागची पांढरी रुई : लागवडीच्या आणि रितींच्या नोंदी

१६ फेब्रुवारी २०२४, रथसप्तमी

काम ठरलं. मारुतीच्या देवळामागे अर्धा गुंठा जागा मोकळी आहे, तिथे रुईचा वाफा करायचा आणि रुईभोवतीच्या गावातल्या रिती लिहून काढायच्या. शनिवारी मारुतीला वाहायची पानं आजवर रस्त्याकडेच्या झुडपांवरून यायची. रस्ता रुंद झाला तशी ती झुडपं गेली. आता मिरजेच्या बाजारातून वीस रुपयांना माळ आणावी लागते आणि तीही शिळी असते.

सुरुवात आजच केली, कारण आजचा दिवस रुईचा. आमच्या गावात मराठी आणि कानडी घरं शेजारी शेजारी आहेत. मराठी घरांत तुळशीपुढे गोवऱ्या पेटवून बोळक्यात दूध उतू घालतात, अंगणात सूर्याचा रथ काढतात. कानडी घरांत पहाटेच्या आंघोळीला रुईची सात पानं लागतात. त्यांच्या तोंडी ती ‘एक्केची पानं’. एक डोक्यावर, दोन खांद्यांवर, दोन गुडघ्यांवर, दोन पावलांवर, वर थोड्या अक्षता आणि मग डोक्यावरून पाणी. शेजारच्या आजींनी हे सांगताना आधी सांगितलं ते मात्र वेगळंच: पान किडकं, भोक पडलेलं घ्यायचं नाही, आणि एका फांदीवरून दोनाहून जास्त तोडायची नाहीत. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

ओढ्याकाठची जुनी पांढरी रुई गेली. तिच्याच बियांवर सगळी योजना होती. काल गुरुपुष्य होता. सकाळी गेलो तर तिथे कमरेइतका खड्डा आणि बाजूला तोडून टाकलेल्या फांद्या.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: साधी रुई जांभळट फुलांची, ती सगळीकडे असते. पूर्ण पांढऱ्या फुलांची कमी दिसते, तिला आमच्याकडे मांदारही म्हणतात. तिच्या जुन्या मुळाला आपोआप गणपतीचा आकार येतो, असं मानतात. कुणी बारा वर्षं सांगतं, कुणी एकवीस. ते मूळ देव्हाऱ्यात ठेवलं की घरात बरकत राहते, करणी-बाधा लागत नाही, अशी श्रद्धा आहे. म्हणून पुष्य नक्षत्र रविवारी किंवा गुरुवारी आलं की पांढरी रुई शोधत लोक फिरतात.

गुरवकाकांना खड्डा दाखवला. ते बराच वेळ काठावर बसून राहिले. मग म्हणाले, “मुहूर्त तेवढा पाळला. बाकी काय पाळलंय?” मूळ घ्यायची रीत त्यांनी सांगितली ती अशी. आदल्या संध्याकाळी झाडापाशी जायचं, हळदकुंकू, अक्षता, सुपारी ठेवून झाडाला आमंत्रण द्यायचं, कशासाठी नेतो ते बोलून दाखवायचं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत, कुणाशी न बोलता यायचं. आपली सावली झाडावर पडू द्यायची नाही. लोखंड लावायचं नाही, लाकडी खुंटीने माती उकरायची. आणि उत्तरेकडे गेलेलं एकच मूळ घ्यायचं, माती परत लोटायची, पाणी घालायचं.

खड्ड्याच्या भिंतींवर पहारेच्या खुणा स्पष्ट होत्या. लाकडी खुंटीने माणूस फार तर एक बाजूचं मूळ काढील, सोटमूळ त्याच्या हाती लागणारच नाही. ही रीत ज्यांनी घातली त्यांनी झाड जगेल एवढंच हत्यार हातात दिलं होतं. माझं मत यापुढे हेच राहील: अर्धी रीत पाळणारा माणूस झाडाला सगळ्यात जास्त महाग पडतो.

फांद्या पोत्यात गुंडाळून घरी आणल्या. खड्ड्यात माती लोटली, पाणी घातलं.

२४ फेब्रुवारी

फांद्यांचे तुकडे केले. हाताला रबरी मोजे, डोळ्यांना गॉगल (मिळून २१० रुपये). माप गुरवकाकांकडून घेतलं. नवग्रहांच्या होमात सूर्याची समिधा रुईची असते, चंद्राला पळस, मंगळाला खैर, शनीला शमी, तशी. समिधा घ्यायची ती बोटाएवढी जाड आणि अंगठा व तर्जनी ताणल्यावर होते तेवढी लांब. रोपासाठी कलमकाडीही जवळपास तेवढीच हवी, फक्त तीन-चार पेरं यायला पाहिजेत म्हणून मी वीतभर ठेवली.

चीक थांबेना. तुकडे लगेच मातीत लावले तर चीक कापलेल्या तोंडाशी साकळतो आणि तिथेच कूज धरते, असं एका रोपवाटिकेतल्या माळीदादांनी सांगितलं. म्हणून निम्म्या काड्यांची तोंडं चुलीच्या राखेत बुडवून सावलीत सुकत ठेवल्या. निम्म्या लगेच लावल्या, फरक कळावा म्हणून. पिशव्या किलोभर १८० रुपये. माती: पोयटा एक भाग, मुरूम दोन भाग, शेणखत थोडं.

९ मार्च

लगेच लावलेल्या काड्या जवळजवळ सगळ्या मऊ पडल्या. उपटून पाहिलं तर खालचं टोक काळं आणि वास मारणारं. राखेच्या, तीन दिवस सुकवून लावलेल्या काड्या अजून कडक आहेत, काहींच्या पेरांवर राखाडी-हिरवे डोळे फुगले आहेत.

पाणी कमी केलं. रोज घालत होतो, आता वरची माती बोटाला कोरडी लागल्यावरच. पोयट्याच्या पिशव्यांत पाणी साचतं, म्हणून उरलेल्या काड्यांसाठी पोयटा काढून वाळू-मुरूमच ठेवला. रुई पडीक, मुरमाड जागेत वाढणारं झाड आहे, तिला लाड सोसत नाहीत.

३० मार्च

बिया. शेजारच्या गावात एका मळ्याच्या बांधावर पांढरी रुई आहे, मालकाने बोंडं घ्यायला हरकत घेतली नाही. रुईचं बोंड फुगीर, बहुतेक जोडीने येणारं. पिकलं की उकलतं आणि तपकिरी चपट्या बिया रेशमी कापूस घेऊन उडून जातात. बोंड हिरवं काढलं तर बी कच्चं राहतं, उकललं की हाती काही लागत नाही. म्हणून पिकत आलेल्या बोंडांना मलमलीच्या फडक्याच्या पुरचुंड्या बांधून आलो. आज काढल्या, बी भरपूर.

कापूस टाकला नाही. पूर्वी या कापसाच्या उशा भरायच्या, तो गार असतो म्हणून डोकं दुखणाऱ्याला देत. आजींनी तो मागून घेतला.

२३ एप्रिल, हनुमान जयंती

पहाटे देवळात मोठी गर्दी, प्रत्येकाच्या हातात बाजारातली माळ. दुपारी शांत झाल्यावर गुरवकाकांना विचारलं, मारुतीला रुईच का? त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, जन्मताच तो उगवत्या सूर्याला फळ समजून झेपावला. दुसरी, पुढे त्याच सूर्याला त्याने गुरू केला आणि त्याच्या रथापुढे उलटा चालत विद्या शिकला. रुई सूर्याची, म्हणून शिष्याला गुरूच्या झाडाचं पान. ओट्यावर बसलेल्या एका आजोबांचं म्हणणं निराळं होतं: शेंदूर, तेल, उडीद आणि रुई, मारुतीला सगळं उग्रच लागतं, कारण तो पीडा अंगावर घेणारा देव आहे. दोन्ही लिहून घेतल्या. एक खरी आणि एक खोटी ठरवायचं कारण मला दिसत नाही.

बिया पिशव्यांत टाकल्या होत्या, त्या आठवडाभरात उगवल्या. उन्हाळ्यात रुईचं बी चटकन येतं, त्यासाठी काही खटपट लागत नाही.

११ मे

वाईट दिवस. माळा करून बघत होतो, शाळेतली मुलं मदतीला. एकाने चिकाचा हात डोळ्याला लावला. लगेच नळाखाली धरला आणि बराच वेळ पाणी सोडलं. तो म्हणत होता, दुखत नाही. संध्याकाळी धूसर दिसायला लागलं, तेव्हा मिरजेला नेलं. डॉक्टरांनी सांगितलं की रुईचा चीक डोळ्याच्या पारदर्शक पडद्यातून आत उतरतो, आतल्या थराला इजा करतो आणि पडदा सुजतो. दुखणं कमी असतं म्हणून लोक येत नाहीत, तिथेच धोका. औषधाचे थेंब दिले, पुढच्या आठवड्यात दृष्टी पूर्ववत झाली. खर्च १,३५० रुपये, तो प्रकल्पातून दिला.

हे काम करणाऱ्यांना कळकळीने सांगतो: मुलांच्या हाती रुईचं ताजं पान देऊ नका. चीक डोळ्यात गेलाच तर आधी पुष्कळ पाणी, मग त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर, दुखो वा न दुखो.

घरी आल्यावर महाभारतातला उपमन्यू आठवला. आदिपर्वात धौम्य ऋषींचा हा शिष्य गुरं राखतो, गुरू एकेक करून त्याचं सगळं खाणं बंद करतात, शेवटी भुकेने तो रानात रुईची पानं खातो, आंधळा होतो आणि विहिरीत पडतो. अश्विनीकुमारांची स्तुती केल्यावर त्याला दृष्टी मिळते. लहानपणी ही गुरुभक्तीची गोष्ट म्हणून ऐकली होती. रुई आणि डोळे यांचं वैर लोकांना किती आधीपासून ठाऊक होतं, ते तीत धडधडीत लिहिलेलं आहे.

माळेची पद्धत बदलली. पानं शुक्रवारी संध्याकाळी दिवस मावळायच्या आत काढायची, देठ राखेत टेकवायचे, रात्रभर पाटीत पालथी ठेवायची. सकाळपर्यंत चीक सुकतो. गुरवकाकांच्या आईची हीच पद्धत होती, असं त्यांना मग आठवलं. शनिवारी झाडाला हात लावायचा नाही, असं ती म्हणायची.

१५ जून

पाऊस सुरू. ओढ्याकाठच्या बुजवलेल्या खड्ड्याच्या कडेला दोन फुटवे आले आहेत. तुटून मागे राहिलेल्या आडव्या मुळाला डोळे फुटले असणार. रुई मुळापासून पुन्हा फुटते, शेतकरी तिला म्हणूनच तण समजून वैतागतात. कुणाला सांगितलं नाही. वर बाभळीचे काटे टाकले.

वाफ्याची जागा तयार केली. आखणी करून दीड हात खोल खड्डे, तळाला विटांचे तुकडे. मजुरी १,२०० रुपये.

१३ जुलै

लावणी. कलमकाड्यांची रोपं नीट बसली. बियांच्या रोपांनी त्रास दिला. सोटमूळ पिशवीचं बूड फोडून जमिनीत घुसलं होतं, उचलताना तुटलं, तशी रोपं दोन दिवसांत माना टाकून बसली. बियांच्या रोपांसाठी उंच, अरुंद पिशवी घ्या किंवा बी थेट खड्ड्यातच टाका. मी उरलेलं बी थेट टाकलं आणि ती रोपं पुढे सगळ्यांत जोमदार निघाली. पिशव्यांचा खर्च आणि तीन महिन्यांचं पाणी वाचलं असतं.

ऑगस्टमध्ये कधीतरी

पानांवर पिवळा मावा. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतला, दर चार दिवसांनी. औषध मारलं नाही, पान देवाला जातं आणि माणसाच्या हातातून जातं.

अळ्या मात्र मोठ्या. पांढरे, काळे, पिवळे पट्टे आणि अंगावर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. दोन रोपांचे नुसते देठ ठेवले. शिक्षकांनी ओळख पटवली, बिबळ्या कडवा नावाच्या केशरी फुलपाखराच्या अळ्या. रुईचा विषारी चीक त्या पचवतात, तो अंगात साठतो आणि फुलपाखरू पक्ष्यांना कडू लागतं. अळ्या मारायच्या नाहीत असं ठरलं. रोपांवरून उचलून रस्त्याकडेच्या जंगली रुईवर सोडतो. रोज सकाळी अर्धा तास त्यात जातो आणि तो वेळ मला जड वाटत नाही.

६ सप्टेंबर, हरितालिका

गणपतीच्या एकवीस पत्रींत रुईचं पान असतं. आज आणि उद्यासाठी मागणी आली, पण वाफ्यातून एकही पान दिलं नाही, रोपं लहान आहेत. बाया नाराज झाल्या. एक मावशी म्हणाल्या, “देवासाठी लावलंय आणि देवालाच न्हाई?” त्यांना रोपांपाशी नेऊन दाखवलं. त्यांनीच मग बाकीच्यांना परत पाठवलं.

२८ सप्टेंबर

आज फक्त औषधाच्या रिती लिहिल्या. गुडघा सुजला तर पान तेल लावून गरम करून बांधतात. पायात काटा मोडला तर चिकाचा थेंब, दुसऱ्या दिवशी काटा वर येतो. त्या वहीत आहेत, फलकावर जाणार नाहीत. विषारी झाडाचा उपाय पाटीवर वाचून कुणी करून बघावा, अशी माझी इच्छा नाही.

२४ ऑक्टोबर, गुरुपुष्य

पहाटे साडेचारपासून गुरवकाका, तीन तरुण आणि मी वाफ्यापाशी. ओढ्यालाही दोघे. पाचच्या सुमारास एक मोटरसायकल ओढ्याशी थांबली, माणसं पाहून निघून गेली. एवढंच.

उजाडल्यावर काकांनी नवीन रोपांना हळदकुंकू वाहिलं, सुपारी ठेवली. आमंत्रण नाही दिलं. म्हणाले, आमंत्रण दिलं तर न्यावं लागतं.

१६ नोव्हेंबर

अर्कविवाहाची नोंद. यासाठी बरीच माणसं भेटलो, बहुतेकांनी विषय टाळला. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत हा विधी आहे: पुरुषाचं तिसरं लग्न अशुभ मानतात, म्हणून तिसरं लग्न रुईशी लावायचं आणि मग येणारी बाई चौथी ठरते. आमच्या गावात हे घडल्याचं एका नव्वदीच्या आजींनी सांगितलं, त्यांनी लहानपणी पाहिलेलं. बांधावरच्या रुईला सूत गुंडाळलं, मुंडावळ्या बांधल्या, मध्ये अंतरपाट धरला, मंगलाष्टकं म्हटली. वऱ्हाड चार माणसांचं. “तिसरी मरते म्हणायचे, म्हणून झाडाला पुढं केलं,” आजी म्हणाल्या. मग थोडं थांबून, “दोन बायका कशानं मेल्या ते कुणी इचारलं न्हाई.”

मुलीच्या पत्रिकेत मंगळ असला की मडक्याशी किंवा झाडाशी आधी लग्न लावतात, तोही याच जातीचा विधी. बाईचं मरण ग्रहावर घातलं, ग्रह झाडावर घातला, आणि विचारणं राहून गेलं. आजींचं वाक्य मी वहीत जसंच्या तसं ठेवलं आहे.

फलकावर हे लिहायचं की नाही, यावर देवळाच्या बैठकीत वाद झाला. काहींना देवळापाशी असलं काही नको होतं. मी आग्रह धरला की लिहायचं, कारण चांगल्याच रिती निवडून लिहिल्या तर ती नोंद राहत नाही, जाहिरात होते. शेवटी दोन ओळी ठरल्या: विधी काय होता, आणि तो आता होत नाही.

८ डिसेंबर

फलक. आधी फ्लेक्स लावला होता (४५० रुपये), दिवाळीच्या आतच उन्हाने विटला आणि एका कोपऱ्यातून फाटला. आता पत्र्यावर पेंटरकडून रंगवून घेतला, चौकटीसह २,६०० रुपये. सगळ्यांत मोठ्या अक्षरांत गुरवकाकांचे नियम:

शेंड्याचं पान तोडू नये. एका फांदीवरून दोनच पानं. अंधार पडल्यावर झाडाला हात लावू नये. चिकाचा हात डोळ्याला लावू नये. मुळाला कुणीही हात घालू नये.

शेवटच्या नियमावर एकाने विचारलं, मग मांदाराचा गणपती कुणाला नकोच का? काकांनी त्याला हात धरून झाडापाशी नेलं आणि म्हणाले, इथं नमस्कार कर, मूळ खालीच हाय. बाजारात मिळणारे मुळाचे गणपती मी जवळून पाहिले आहेत. सोंड आणि कान चाकूने काढल्याच्या कडा दिसतात, वर शेंदराचा जाड हात. त्यासाठी पंधरा-वीस वर्षांचं झाड जातं.

११ जानेवारी २०२५

कलमांच्या रोपांना कळ्या, दोन फुलली, शुभ्र पांढरी. बियांच्या रोपांपैकी एकच फुललं आणि ते जांभळट आहे. पांढऱ्या झाडाचं बी पांढरंच देईल याची खात्री नसते, आसपासच्या जांभळ्या रुईचं परागण भुंगे करतात. पांढरीच हवी असेल तर काडीच लावा. जांभळी रुई काढून टाकणार नाही, मारुतीला दोन्ही चालतात.

४ फेब्रुवारी, रथसप्तमी

पहाटे कानडी घरांसाठी पानं दिली. घरटी सात, दोन-दोन फांद्या सोडून, देठाला राख लावून, मोठ्या माणसाच्याच हाती. आठ घरांना पुरली, दोन घरांना बांधावरची आणून दिली. शनिवारच्या माळा अजून सुरू करणार नाही. झाडं छातीइतकी वाढली की मग, बहुधा पुढच्या पावसाळ्यानंतर.

आतापर्यंतचा मोठा खर्च: मजुरी, फलक, डॉक्टर आणि दोन्ही बाजूंचं तारेचं कुंपण ३,८०० रुपये. कुंपण गुरांसाठी नाही, गुरं रुईला तोंड लावत नाहीत. ते खणणाऱ्यांसाठी आहे.

छाटणी या महिनाअखेरीस आहे. होमासाठी समिधा ज्यांना हव्यात त्यांनी गुरवकाकांना आधी सांगावं, उरलेल्या काड्या रोपांसाठी देऊ. येताना मोजे, राखेची डबी आणि वाळू-मुरूम भरलेल्या पिशव्या आणा. काड्या घरी नेऊन तीन दिवस सावलीत सुकवा आणि मगच लावा.